एक कलम, अनेक शिक्षा

मुंबई हायकोर्टाच्या मध्यवर्ती न्यायदालनापाशी लोकमान्य टिळकांच्या शब्दांची एक शिला बसविलेली आहे. १९५६ साली, लोकमान्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्या वेळचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तिचे अनावरण केले. ज्या दालनात एखाद्यास अपराधी ठरवावे, त्याच दालनात पुढे त्याचे उत्तर कोरून ठेवावे, असा योग न्यायालयांच्या इतिहासात विरळाच. ते उत्तर मराठी माणसाला पाठ आहे. परंतु ते उच्चारले गेल्यानंतर थोड्याच वेळात जी सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ती सहाच वर्षांची का, दोन का नाही, दहा का नाही, ही चौकशी आपल्याकडे फारशी कोणी केलेली दिसत नाही. शिक्षा झाली एवढे आपण लक्षात ठेवतो. ती कशी मोजली गेली हे विसरतो.

न्यायाधीश म्हटला की आपल्या मनात रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. पण रामशास्त्र्यांची जी कथा परंपरेने आपल्यापर्यंत आली आहे, ती अपराधी कोण हे सत्ताधाऱ्याच्या तोंडावर सांगण्याची कथा आहे. खुनास प्रायश्चित्त कोणते, हा त्या कथेत वादाचा विषयच नव्हता. ते शास्त्राने आधीच ठरविलेले होते, शास्त्रीबुवांनी फक्त ते उच्चारले. इंग्रजी अमलात न्यायाधीशापुढे जो प्रश्न आला तो वेगळ्या जातीचा होता. अपराध ठरला; आता किती? आणि या "किती"चे उत्तर देण्याचे काम कायद्याने बव्हंशी त्याच्यावरच सोपवून दिले होते.

मेकॉलेने १८३७ साली ज्याचा मसुदा तयार केला आणि १८६० साली ज्याचा कायदा झाला, त्या इंडियन पिनल कोडाची रचना पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. बहुतेक कलमांत "इतक्या वर्षांपर्यंत" एवढेच शब्द असतात. शेताला एकाच बाजूने बांध घालावा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी, तसा हा प्रकार. राजद्रोहाचे कलम १२४ अ हे मेकॉलेच्या मसुद्यात होते, १८६० च्या कायद्यातून ते गळाले आणि १८७० साली स्टीफन साहेबांनी ते पुन्हा घातले. त्या कलमाखाली होणारी शिक्षा वाचण्यासारखी आहे. आजन्म किंवा त्याहून कमी कितीही मुदतीचे काळे पाणी व त्यावर दंड. अथवा तीन वर्षांपर्यंत कैद व दंड. अथवा नुसता दंड. म्हणजे एकाच लेखाबद्दल एखाद्या संपादकाला शंभर रुपये दंड करून घरी पाठविता येत असे किंवा अंदमानात आयुष्य कंठायला लावता येत असे, आणि दोन्ही शिक्षा सारख्याच कायदेशीर!

आमच्या गोमंतकीय वाचकांच्या घरातील वडीलधाऱ्यांना याहून निराळी पद्धत ठाऊक होती. पोर्तुगालने १८६७ साली साध्या गुन्ह्यांकरिता देहान्त शासन रद्द केले, आणि १८८६ च्या पोर्तुगीज दंडसंहितेत अपराधाचे गांभीर्य वाढविणाऱ्या व कमी करणाऱ्या परिस्थितींची याद कायद्यातच घालून दिली. न्यायाधीशाने त्या यादीवरून बोट फिरवावे आणि पायऱ्या मोजाव्या, अशी ती कल्पना. या यादीचे पुढे काय झाले ते येईलच. सध्या मुंबईकडे वळू.

१८९७ च्या जून महिन्यात पुण्यास रँडवर गोळी झाडली गेली. त्यापूर्वी आठवडाभर, १५ जूनच्या "केसरी"त, "भवानी तलवार" या सहीने शिवाजी महाराजांच्या उद्गारांची कविता आणि शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला होता. जुलैअखेर टिळकांना अटक झाली. जामिनाचा अर्ज न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी तो मंजूर केला. हा अर्ज चालविणाऱ्या बॅरिस्टरांचे नाव दिनशा दावर. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी गृहस्थ होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. स्ट्रॅची साहेबांनी ज्यूरीला कलमाचा अर्थ समजावताना "अप्रीती" म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, अशी व्याख्या केली, आणि ती पुढे पन्नास वर्षे गाजत राहिली. शिक्षा देताना मात्र हेच न्यायमूर्ती बरेच हात आखडून बोलले. या इलाख्यात अशा प्रकारचा हा पहिलाच खटला आहे, इतकी वर्षे हे कलम जवळजवळ निजून होते, ही गोष्ट त्यांनी शिक्षेच्या हिशोबात धरली. १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांनी अठरा महिने सक्तमजुरी दिली. काळ्या पाण्याचा अधिकार त्यांनी बाजूस ठेवला आणि कैदेची जी तीन वर्षांची कमाल मर्यादा, तिच्या बरोबर निम्म्यावर ते थांबले. व्याख्येत कठोर आणि मोजमापात मध्यम, असा हा न्यायाधीश.

आता त्याच वर्षीचा दुसरा खटला पाहावा. "केसरी"च्या तेजापुढे तो झाकला गेला आहे, परंतु आमच्या विषयास तोच अधिक उद्बोधक आहे. सातारा जिल्ह्यातून "प्रतोद" नावाचे एक लहानसे पत्र निघे. त्यात स्वातंत्र्याची तयारी कशी करावी अशा आशयाचा एक लेख आला. सरकारने संपादकावर त्याच १२४ अ कलमाखाली खटला भरला आणि तो साताऱ्याच्या सेशन्स कोर्टात चालला. टिळकांचे पत्र महाराष्ट्रभर जाणारे, "प्रतोद"चे वाचक मूठभर. सेशन्स जज्जाने संपादकास दिलेली शिक्षा होती, आजन्म काळे पाणी!

प्रकरण अपिलात मुंबईस आले. मुख्य न्यायमूर्ती फॅरन, न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे अशा तिघांपुढे सुनावणी झाली. अपराध तिघांनीही कायम केला. पण आजन्म काळ्या पाण्याच्या जागी त्यांनी एक वर्षाची कैद ठेवली. आयुष्यभराची शिक्षा एका वर्षावर आली. लेखातील एक अक्षरही दरम्यान बदलले नव्हते. याच निकालपत्रात रानड्यांनी स्ट्रॅचीच्या व्याख्येपासून आपले अंतर राखले. अप्रीती म्हणजे प्रीतीचा नुसता अभाव नव्हे, ती द्वेषाशी नाते सांगणारी, अधिकार झुगारू पाहणारी भावना असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. टिळक आणि रानडे यांच्या वादांविषयी आपल्याकडे पुस्तकेच्या पुस्तके लिहिली गेली. पण टिळक तुरुंगात असताना त्यांना तुरुंगात धाडणारी व्याख्या रानड्यांनी न्यायासनावरून हलकेच दुरुस्त केली, ही गोष्ट त्या वादात क्वचितच सांगितली जाते.

मग एक शंका येते. साताऱ्याच्या संपादकाला हायकोर्टाने हात दिला, तो टिळकांना का मिळाला नाही? याचे उत्तर न्यायाधीशांच्या स्वभावात शोधण्याचे कारण नाही. ते कोर्टांच्या मांडणीत आहे. मुफसलातील सेशन्स कोर्टाने दिलेली शिक्षा हायकोर्टापुढे अपिलात जाई, आणि तेथे ती तपासून कमी करता येई. मुंबई शहरातील मोठे खटले मात्र हायकोर्टाच्या स्वतःच्या सेशन्समध्ये, ज्यूरीसह, चालत. तेथे झालेल्या शिक्षेवर सरळ अपील नव्हते. कायद्याच्या मुद्द्यावर परवानगी मिळाली तर पुढची वाट, नाही तर विलायतेस प्रिव्ही कौन्सिल. टिळकांच्या वतीने पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले आस्क्विथ तेथे उभे राहिले, पण परवानगी मिळाली नाही. एकंदरीत साताऱ्यात खटला चालणे ही त्या संपादकाची आधी आपत्ती आणि मग सुदैव ठरले.

टिळकांची सुटका सहा महिने आधी, ६ सप्टेंबर १८९८ रोजी झाली. मॅक्समुल्लरसारख्या विद्वानांनी रदबदली केली होती. सुटकेस अटी होत्या. पुन्हा राजद्रोह शाबीत झाल्यास माफ केलेले सहा महिने भोगावे लागतील, ही त्यांतली एक. सरकारने सुनावलेल्या शिक्षेतून काही काढून घेतले, पण पाटी कोरी केली नाही.

पुढचा धागा बंगालातून येतो. १९०७ साली "युगांतर"चे भूपेंद्रनाथ दत्त, स्वामी विवेकानंदांचे धाकटे बंधू, यांना कलकत्त्यास राजद्रोहाबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. शिक्षा देणारे किंग्जफोर्ड हे प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट. त्यांच्या कोर्टाला दोन वर्षांहून अधिक कैद देण्याचा अधिकारच नव्हता. कलमात आजन्म काळे पाणी असले तरी त्यांच्या हातातील काठी तेवढीच लांब होती. याच किंग्जफोर्डांनी त्याच वर्षी सुशील सेन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला पंधरा फटक्यांची शिक्षा दिली. एक वर्षाची कैद बंगाल सोसता. त्या पंधरा फटक्यांनी तो पेटला. कायद्याच्या दृष्टीने फटके ही हलकी शिक्षा, लोकांच्या दृष्टीने ती सर्वांत जड. शिक्षेचे वजन न्यायाधीशाच्या तराजूत एक आणि रस्त्यावर दुसरे भरते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस माहीत नाही. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपुरास खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी जो बाँब टाकला, तो किंग्जफोर्डांसाठी होता. मेल्या त्या केनेडी नावाच्या दोन निरपराध स्त्रिया.

त्या बाँबवर "केसरी"ने जे लिहिले त्यातले दोन लेख, १२ मेचा "देशाचे दुर्दैव" आणि ९ जूनचा "हे उपाय टिकाऊ नाहीत", सरकारने उचलले. २४ जूनला टिळकांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायासनावर होते न्यायमूर्ती दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी टिळकांचा जामीन ज्यांनी मागून मिळविला होता तेच. त्यांनी अर्ज फेटाळला. दावरांना यावरून आपल्याकडे पुष्कळ बोल लावला गेला. वकील म्हणून मागावयाचे एक आणि न्यायाधीश म्हणून द्यावयाचे दुसरे, हे वरकरणी विपरीत दिसते खरे. पण वकील अशिलाची बाजू मांडतो, स्वतःचे मत नव्हे. एवढ्यावरून माणूस फिरला असे म्हणणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्यांच्याविषयी खरा आक्षेप पुढे आहे, तो शिक्षेच्या मोजणीत.

टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केले. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. २२ जुलैच्या रात्री निकाल आला, सात विरुद्ध दोन. आरोप तीन होते. दोन लेखांबद्दल १२४ अ खाली दोन, आणि १५३ अ खाली तिसरा. पहिल्या दोहोंबद्दल प्रत्येकी तीन वर्षे काळे पाणी, एकामागून एक भोगावयाचे. तिसऱ्याबद्दल एक हजार रुपये दंड. येणेप्रमाणे सहा वर्षे झाली.

हा हिशोब जरा उलगडून पाहिला पाहिजे. पहिली गोष्ट, दोन लेखांचे दोन आरोप केले म्हणून तिनाचे सहा झाले. दोन्ही शिक्षा बरोबरच भोगाव्या असे न्यायमूर्ती म्हणते तर टिळक १९११ साली पुण्यास परतते. लेखांची मोजणी सरकारी वकिलाने केली होती, आणि एकाच खटल्यात हे सारे आरोप गुंफण्यास टिळकांनी हरकतही घेतली होती. ती टिकली नाही. दुसरी गोष्ट, दावरांनी १८९७ ची शिक्षा हिशोबात धरली. दहा वर्षे लोटली तरी सत्ताधाऱ्यांविषयीचा तुमचा द्वेष गेलेला नाही, अशा अर्थाचे त्यांचे शब्द होते. स्ट्रॅचीने "पहिलाच खटला" म्हणून जे कमी केले, ते दावरांनी "दुसऱ्यांदा" म्हणून वाढविले. तिसरी गोष्ट म्हणजे काळ. १८९७ साली प्लेग आणि रँड, १९०८ साली बाँब. लेखांवर खटला चालला, पण न्यायासनापुढे मुझफ्फरपूर उभे होते. आणि वयाचा विचार आपण केला आहे हे दावरांनी स्वतः सांगितले. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न पुरी होणार होती. म्हणजे वाढविणारे व घटविणारे असे दोन्ही विचार त्यांनी बोलून दाखविले. फक्त प्रत्येकाची किंमत किती वर्षे, हे कोठेही सांगितले नाही. सांगण्याची सक्ती कायद्याने केली नव्हती.

त्याच जुलै महिन्यात, मुंबईतच, "काळ"कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना त्याच गुन्ह्याबद्दल एकोणीस महिने सक्तमजुरी झाली. परांजप्यांच्या खटल्याकरिता टिळक मुंबईस आले असतानाच त्यांना अटक झाली होती. "काळ"ची भाषा "केसरी"हून सौम्य होती असे म्हणण्यास त्या काळचा कोणीही वाचक तयार झाला नसता. वक्रोक्तीच्या पडद्याआडून परांजपे जे बोलत, ते टिळकांहून अधिक झोंबत असे. मग एकोणीस महिने आणि सहा वर्षे हे अंतर कशाचे? आमच्या मते ते लेखांचे नव्हे, लेखकांचे आहे. एकाने काय लिहिले हे मोजले गेले. दुसऱ्याने काय केले असते हे मोजले गेले. मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा वर्षांबद्दल सहा दिवस संप करून आपल्या परीने या मोजणीची नोंद ठेवली.

न्यायाधीशाची मर्जी हेच सर्व काही आहे असे मात्र कोणी समजू नये. पुढच्याच वर्षी, ८ जून १९०९ रोजी, नाशिकच्या सेशन्स कोर्टाने बाबाराव सावरकरांना काही कविता छापल्याबद्दल आजन्म काळे पाणी दिले. हेही प्रकरण "प्रतोद"प्रमाणेच अपिलात मुंबईस गेले. तेथे न्यायमूर्ती होते हीटन आणि सर नारायण चंदावरकर; होनावरचे, घरी कोकणी बोलणारे, प्रार्थनासमाजाचे धुरीण, स्वभावाने मवाळ. पण आजन्म शिक्षेचे एक वर्ष या वेळी झाले नाही. कारण सरकारने बाबारावांवर १२४ अ बरोबर कलम १२१, म्हणजे राजाविरुद्ध युद्धास चिथावणी, हेही लावले होते. या दुसऱ्या कलमात न्यायाधीशासाठी दोनच पर्याय: फाशी किंवा आजन्म काळे पाणी. अपराध कायम केला की शिक्षा कमी करण्याचा दरवाजाच बंद. तेथे शिक्षा ठरली ती आरोपपत्र लिहिणाऱ्याच्या टेबलावर. त्या खटल्यास आधार देणारे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळी झाडली. मुझफ्फरपूरनंतर ही दुसरी वेळ. शिक्षेला पिस्तुलाने उत्तर मिळत होते आणि त्या उत्तराला पुन्हा शिक्षेने.

लोकमान्य १९१४ च्या जूनमध्ये मंडालेहून परतले. १ मे १९१६ रोजी त्यांनी बेळगावास स्वराज्यावर भाषण केले, त्यानंतर नगरास दोन केली. या तीन भाषणांवरून सरकारने या वेळी खटला भरला नाही. चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन फर्मावले. हायकोर्टात बॅचलर आणि लल्लुभाई शहा या न्यायमूर्तींनी भाषणे तुकड्यातुकड्याने न वाचता सबंध वाचली आणि हुकूम रद्द केला. बेळगावच्या श्रोत्यांनी ऐकलेले भाषण निर्दोष ठरले. १९०८ साली ज्या गृहस्थांचा हेतू दोन लेखांतून काढला गेला, त्यांच्याच तीन भाषणांतून आठ वर्षांनी तसा हेतू निघाला नाही.

आता अहमदाबाद. १८ मार्च १९२२, सर्किट हाउस. आरोपी मोहनदास करमचंद गांधी आणि "यंग इंडिया"चे प्रकाशक शंकरलाल बँकर. लेख तीन, आरोप तीन, कलम तेच. सेशन्स जज्ज ब्रूमफील्ड. गांधींनी अपराध कबूल केला आणि कायदा चूक वाटत नसेल तर सर्वांत कडक शिक्षा द्यावी, अशी मागणी केली. इतिहासात असे आरोपी थोडे. पण न्यायाधीशाची यामुळे मोठीच पंचाईत झाली असली पाहिजे. आरोपी दयेची याचना करतो तेव्हा थोडे कमी करता येते. तो कडक शिक्षा मागतो तेव्हा काय करावे, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात नाही. कमी द्यावी तर सरकारचा अवमान, पुरी द्यावी तर आरोपीच्या मनासारखे.

ब्रूमफील्डांनी यातून जी वाट काढली ती सरळ होती. बारा वर्षांपूर्वी याच कलमाखाली टिळकांना शिक्षा झाली होती, तिच्या पंक्तीस तुम्हांला बसविणे तुम्हांस गैर वाटणार नाही, असे त्यांनी गांधींना म्हटले, आणि प्रत्येक आरोपास दोन वर्षे याप्रमाणे सहा वर्षे साधी कैद दिली. (प्रत्यक्षात बारा नव्हे, पावणेचौदा वर्षे झाली होती, न्यायाधीशाचा हिशोब एवढ्यापुरता चुकला.) सरकारने ही मुदत कमी केली तर आपल्याइतका आनंद कोणासही होणार नाही, हेही त्यांनी सांगितले. गांधींनी लोकमान्यांच्या नावाशी आपले नाव जोडले गेले याबद्दल धन्यता व्यक्त केली.

प्रसंग हृद्य आहे आणि तो तसाच सांगितला जातो. पण त्यात काय घडले ते शिक्षेच्या बाजूने पाहावे. टिळकांची सहा वर्षे दोन लेखांची होती, तीन अधिक तीन. गांधींची सहा तीन लेखांची, दोन अधिक दोन अधिक दोन. म्हणजे आधी बेरीज ठरली आणि मग ती आरोपांवर वाटून दिली! शिवाय ब्रूमफील्डांनी पुढे धरली ती दावरांनी उच्चारलेली शिक्षा नव्हे. दावरांनी काळे पाणी दिले होते. सरकारने नंतर त्याची साधी कैद केली, आणि शेवटी उरलेल्या त्या शिक्षेचा ब्रूमफील्डांनी दाखला घेतला. बाँबच्या भयाने, पूर्वीच्या शिक्षेच्या स्मरणाने, दोन आरोपांच्या बेरजेने जो आकडा १९०८ साली जमला, तो ती सारी कारणे मागे टाकून १९२२ साली एकटाच पुढे आला. गांधींवर पूर्वी राजद्रोह शाबीत झालेला नव्हता, आणि त्यांच्या लेखांत बाँबचे समर्थन असण्याची गोष्टच नव्हे. तरी सहा वर्षे हा जणू थोर राजद्रोह्याचा ठरलेला दर झाला. ब्रूमफील्डांच्या सौजन्याविषयी आम्हांला शंका नाही. पुढे बारडोलीच्या चौकशीत ते मॅक्सवेलसह बसले आणि शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे बव्हंशी खरे असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. तरीपण सौजन्य हे मोजमाप नव्हे.

स्ट्रॅची आणि रानडे यांच्या व्याख्यांचे भांडण पुढेही चालू राहिले. १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने मुंबईच्याच सदाशिव नारायण भालेराव खटल्यात स्ट्रॅचीची बाजू उचलून धरली. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने केदारनाथ सिंग खटल्यात कलमाचा अर्थ पुष्कळ आवळला, आणि रानड्यांच्या आत्म्यास त्या दिवशी समाधान वाटले असावे. मे २०२२ मध्ये त्याच कोर्टाने या कलमाची अंमलबजावणी थांबविली. १ जुलै २०२४ पासून पिनल कोडच गेला. नव्या भारतीय न्याय संहितेत "राजद्रोह" हा शब्द नाही, परंतु देशाच्या सार्वभौमत्वास बाध आणणाऱ्या कृत्यांचे कलम १५२ आहे. त्यात आजन्म कारावास अथवा सात वर्षांपर्यंत कैद, आणि दंड. नुसत्या दंडाची जुनी वाट त्यातून नाहीशी झाली. ज्यूरी तर केव्हाच गेली. १९७३ च्या फौजदारी कार्यपद्धतीने एक महत्त्वाची गोष्ट दिली: अपराध ठरल्यावर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकून घ्यावे. पण कोणत्या गोष्टीला किती वजन द्यावे हे सांगणारी लिखित तालिका भारतात आजही नाही. मळिमठ समितीने २००३ साली तशी शिफारस केली, ती कागदावर राहिली.

तालिका असती तर सारे सुरळीत झाले असते का? येथे गोमंतकाकडे पुन्हा वळले पाहिजे. १८८६ च्या त्या संहितेत पायऱ्या होत्या, याद्या होत्या. पण राजकीय आरोपी तिच्या न्यायाधीशांपुढे नेलेच गेले नाहीत. त्यांच्यासाठी लष्करी न्यायालय बसले. १९४६ साली मडगावच्या सभेनंतर लोहियांना सरहद्दीबाहेर काढून दिले गेले, तर त्याच चळवळीत त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना आठ वर्षे देऊन पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात धाडले. १९५५ साली निःशस्त्र सत्याग्रहाबद्दल मधु लिमये यांना बारा वर्षे सुनावली. ते १९५७ च्या आरंभी सुटले. त्याच वर्षी पकडलेल्या मोहन रानडे यांना सव्वीस वर्षे. रानड्यांनी शस्त्र धरले होते, तेव्हा त्यांची व लिमयांची तुलना होत नाही हे खरे. पण गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाल्यावरही सांगलीकडचा हा मराठी शिक्षक लिस्बनजवळच्या तुरुंगात सात वर्षे राहिला आणि १९६९ च्या जानेवारीत सुटला. ज्या सरकारविरुद्ध अपराध घडला ते गोव्यातून गेले होते, शिक्षा तेवढी चालू होती.

गांधींच्या सहा वर्षांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना पुण्याच्या ससून इस्पितळात नेऊन आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करण्यात आली आणि ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांना बिनशर्त सोडले. टिळकांनी आपली सहा वर्षे जवळजवळ पुरी भोगली. गांधींनी दोनही भोगली नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बेळगावास आले. ब्रूमफील्डांच्या गणिताप्रमाणे त्यांच्या शिक्षेची तेव्हा सव्वातीन वर्षे शिल्लक होती. अधिवेशन भरले तो गावाबाहेरचा माळ आज टिळकवाडी या नावाने ओळखला जातो.